चाळीस घोडे, पन्नास घोडे

गेल्या दिवाळीत भाऊबिजेच्या दुपारी साताऱ्याला चुलतभावाच्या घरी जेवणे उरकल्यावर आम्ही सगळे पडवीत बसलो होतो. अडकित्त्याखाली सुपारी कातरली जात होती, मुले फटाक्यांचे उरलेसुरले पुडे उलगडत होती आणि बोलता बोलता विषय नेहमीच्या जागी येऊन थांबला, तो म्हणजे गाड्यांचा. आमच्या घराण्यात गाड्यांचा विषय म्हणजे दोनच गाड्या. माझ्या वडिलांची, आप्पांची, फियाट आणि थोरल्या काकांची, तात्यांची, अँबेसिडर. आप्पा आणि तात्या दोघेही आता नाहीत, गाड्या तर त्यांच्याही आधी गेल्या, पण कराडची मुले आणि साताऱ्याची मुले त्या दोन गाड्यांच्या बाजूंनी अजूनही तितक्याच हिरिरीने भांडतात आणि त्या भांडणात आम्हा सगळ्यांची वये चाळीस वर्षांनी कमी होतात. त्या दिवशी मात्र भाच्याने खिशातून फोन काढला. तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या दोन्हींपैकी एकही गाडी त्याने कधी चालवलेली नाही. दोन मिनिटे काहीतरी शोधून त्याने मोठ्याने वाचून दाखवले, "आत्या, फियाट १०८९ सीसी, अँबेसिडर १४८९. फियाट ४० हॉर्सपॉवर, अँबेसिडर ५०. संपला विषय."

सगळे हसले, मीही हसले. पण परतीच्या एसटीत ते दोन शब्द माझ्या शेजारी बसून पुण्यापर्यंत आले. त्याने वाचलेले आकडे खरे होते, हे मला ठाऊक होते. मला खुपले ते हे की, ज्या गाडीवर मी क्लच सोडायला शिकले, जिच्या चोकची कळ किती ओढायची हे माझ्या बोटांना आजही आठवते, तिची बाजू मांडायला माझ्याकडे त्या क्षणी एकही वाक्य नव्हते. आप्पांनी असते तर काय उत्तर दिले असते, याचा विचार करत मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

खरे तर या दोन गाड्यांचे नशीब फार वेगळे नव्हते. एक इंग्लंडची, एक इटलीची. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला येऊन अँबेसिडर झाली आणि फियाट ११०० कुर्ल्याला येऊन आपल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाटच राहिली. आधीची गोलमटोल ती डुक्कर फियाट, १९६४ नंतरची ती डिलाइट, पुढे १९७२ ची प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. कंपनीने नावे कितीही बदलली तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच होती. दोन्ही गाड्या आपापल्या माहेरी केव्हाच बंद झाल्या आणि सासरी मात्र कित्येक दशके नांदल्या. अँबेसिडर तर मे २०१४ पर्यंत तयार होत होती. इटलीत फियाटने याच गाडीचे इंजिन नंतर १२२१ सीसीपर्यंत वाढवले, आपल्याकडे मात्र ते १०८९ वरच राहिले. तिकडे वाढवलेले ते इंजिन आपल्याकडे का आणले नाही, याची हळहळ मला अजूनही वाटते, कारण ते आले असते तर आमच्या घरातली निम्मी भांडणे झालीच नसती.

आप्पा कराडला डॉक्टर होते. त्यांनी १९७४ साली एका वकिलांकडून जुनी डिलाइट घेतली, फिक्या निळ्या रंगाची. नवी गाडी घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि रात्री-अपरात्री खेड्यात जाणाऱ्या डॉक्टराला तेवढे थांबणे परवडणारे नव्हते. त्या गाडीचे दार पातळ आवाजात लागायचे, टप् असे, जणू एखाद्या डब्याचे झाकण. स्टिअरिंगचे चाक बारीक आणि मोठे, त्यावर आप्पांच्या हातांच्या घामाने काळपट झालेल्या दोन जागा. पुढच्या काचेशेजारची छोटी तिकोनी काच उघडून ती बाहेरच्या बाजूला वळवली की वारा थेट छातीवर यायचा आणि त्याबरोबर उसाच्या गुऱ्हाळाचा, ओल्या मातीचा, कधी नुसत्या डिझेलच्या ट्रकचा वास यायचा. सकाळी थंडीत चोक ओढून सेल्फ मारला की इंजिन आधी दोनदा खाकरायचे आणि मग एका लयीत टकटकू लागायचे. आई स्वयंपाकघरातून तेवढ्यावरून सांगायची, की आज गाडीची तब्येत बरी आहे किंवा नाही.

तात्या कंत्राटदार होते. त्यांची अँबेसिडर पांढरी होती, म्हणजे मंत्र्यांची आणि कलेक्टरांची असते तशीच, आणि ती गावात शिरली की शाळेतले मास्तरसुद्धा पाहायला बाहेर येत. तिचे दार लागायचा आवाज जड होता, धान्याच्या कोठीचे दार ओढून घ्यावे तसा. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवायची ती उंची. तात्यांची टोपी छताला कधीही लागली नाही. मागची बैठक म्हणजे गादीच. आजी त्यावर मांडी घालून बसायची आणि शेजारी तिचे पाण्याचे तांब्या-भांडे ठेवायची. आतल्या रेक्झिनचा, तात्यांच्या तपकिरीचा आणि आजीच्या डोक्याला लावलेल्या ब्राह्मी तेलाचा मिळून एक वास होता, आणि तो मला अजून कुठेही भेटलेला नाही. गाडी चालवायला ड्रायव्हर होते. हेडलाइटचा डीपर मारायला ते डावा पाय क्लचवरून काढून जमिनीतले बटण दाबायचे, आणि मला लहानपणी वाटायचे की ते गाडीला अंधारात पायाने खुणा करत आहेत.

मापे घेतली तर या दोन गाड्यांमधला फरक डोळ्यांना वाटतो तेवढा मोठा नाही. लांबीत साधारण चाळीस सेंटिमीटरचा, रुंदीत वीसएक सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम एका वितेचा. फियाटची चाके १४ इंची, अँबेसिडरची १५ इंची. चार चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे, स्टिअरिंगच्या दांड्यावर चार गिअर आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न खरखरता बसवणारी सोय, नाही, हे दोघींनाही लागू. पण एका वितेने किती फरक पडतो, हे मुंबईने सिद्ध केले. भुलेश्वरच्या किंवा गिरगावच्या गल्लीत समोरून हातगाडी येत असताना जी गाडी तिच्या कडेने निघून जाऊ शकते, तीच टॅक्सी म्हणून टिकते. कोलकात्याच्या रस्त्यांनी पिवळी अँबेसिडर सांभाळली, मुंबईने काळी-पिवळी फियाट. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, तेव्हा मी त्या दिवशीचे वर्तमानपत्र घडी करून ठेवून दिले आहे. सरकारने अँबेसिडर वापरली, पण लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी घरच्यांसाठी कर्ज काढून घेतली ती फियाट, हे आप्पा अगदी अभिमानाने सांगत. कर्ज पाच हजारांचे होते आणि शास्त्रीजींच्या मागे त्यांच्या पत्नीने ते फेडले, हेही ते प्रत्येक वेळी जोडून सांगत, आणि तेवढ्या वाक्याला त्यांचा आवाज खाली यायचा.

भाच्याच्या आकड्यांवर मी त्या रात्री बसले. कागद घेतला आणि आधी वजने लिहिली. फियाट रिकामी सुमारे ९०० किलो, अँबेसिडर सुमारे ११००. मग भागाकार केला. फियाटला टनामागे ४४ हॉर्सपॉवर आणि अँबेसिडरला ४५. मी तो भागाकार पुन्हा केला, कारण मला स्वतःलाच तो खरा वाटेना. सबंध आयुष्य ज्या फरकावर आम्ही भांडलो, तो रिकाम्या गाड्यांमध्ये जवळजवळ नव्हताच. अँबेसिडरचे दहा घोडे जास्त होते आणि ते दहाही घोडे तिच्या स्वतःच्याच अंगाचे जास्तीचे दोनशे किलो ओढण्यात खर्ची पडत होते.

पण गाडी रिकामी कोण चालवतो?

आम्ही तर कधीच नाही. दरवर्षी गणपतीला दोन्ही घरे गुहागरजवळच्या आमच्या मूळ गावी जात. कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. जाताना सगळा उतार, त्यामुळे चिंता ब्रेकची असे. येताना मात्र पोफळीपासून घाट चढायचा आणि तोही कोकणातून मिळालेले सगळे घेऊन. नारळ, आमसुले, सुकवलेले आंबोशीचे डबे, आणि घरच्या शेतातला तांदूळ. सप्टेंबर १९८० मधला तो परतीचा प्रवास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मी अकरा वर्षांची होते. आमच्या फियाटमध्ये आप्पा, आई, धाकटी आत्या आणि आम्ही चार मुले. पायाखाली तांदळाचे पोते, त्यावर पाय ठेवून बसायचे म्हणजे गुडघे हनुवटीला लागायचे. डिकी दोरीने बांधलेली. तात्यांच्या गाडीत तात्या, काकू, आजी आणि ड्रायव्हर, एवढेच.

घाटाच्या कितव्या वळणावर ते आता सांगता येणार नाही, पण बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ येऊ लागली. आप्पांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, मागच्या चाकाला दगड लावायला मला सांगितले आणि बॉनेट उघडले. तापलेल्या लोखंडाचा, जुन्या रबराचा आणि उकळलेल्या गंजक्या पाण्याचा तो वास अंगावर आला. त्यांनी ओले फडके रेडिएटरच्या झाकणावर टाकले, हाताने दाबून एक चतुर्थांश फिरवले आणि चटकन मागे सरकले. पाणी फसफसून बाहेर आले आणि रस्त्यावर तांबूस ओघळ झाला. दुसरे ओले फडके त्यांनी ए.सी. पंपावर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर, गुंडाळले, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडू नये. घाटात त्या दिवसांत पाण्याला तोटा नसतो, दर शंभर पावलांवर एक धबधबा. मी तांब्याने पाणी आणून देत होते आणि तेवढ्यात मागून आलेली पांढरी अँबेसिडर आमच्या शेजारून, तिसऱ्या गिअरमध्ये, घरघरत, न थांबता वर निघून गेली. मागच्या काचेतून आजीचा हात हललेला मला दिसला. तात्या पुढे पाहत होते. दोन वळणांनंतर आमचे पाणी पुन्हा उकळले.

हेळवाकला तात्या चहाच्या टपरीवर वाट पाहत होते आणि त्यांनी आप्पांना काही विचारले नाही. तो प्रसंग पुढे चाळीस वर्षे साताऱ्याच्या मुलांचा हुकमाचा एक्का झाला.

म्हणून त्या रात्री मी कागदावर तो घाट मांडला. आमच्या गाडीत सात माणसे, पोती, नारळ, म्हणजे साडेचारशे किलोचा लोड धरायला हरकत नाही. ९०० अधिक ४५०, तेराशे पन्नास. तात्यांच्या गाडीत चार माणसे आणि थोडे सामान, अडीचशे किलो. ११०० अधिक २५०, तेही तेराशे पन्नास. पोफळीच्या पायथ्याशी दोन्ही गाड्यांचे वजन नेमके सारखे होते आणि एकीला चाळीस घोडे होते, दुसरीला पन्नास. भाच्याने वाचलेला फरक त्या एका दिवशी अगदी खरा होता, आणि तो खरा झाला होता आमच्या पायाखालच्या पोत्यांमुळे. रात्रीचे साडेबारा वाजले होते, तरी मी तो कागद फोनवर छायाचित्र काढून भाच्याला पाठवला. मला आनंद झाला होता, हे मी कबूल करते. त्या आनंदात तात्यांवरचा एक जुना राग होता, की त्यांची मोठी गाडी अर्धी रिकामी होती आणि तांदूळ मात्र आमच्या पायाखाली.

भाच्याचे उत्तर सकाळी आले. "आत्या, चालवून बघू या."

पुण्यात कात्रजच्या अलीकडे एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. त्यांच्याकडे या दोन्ही गाड्या आहेत, लग्नाच्या वरातींसाठी ते त्या भाड्याने देतात आणि स्वतः सांभाळतात. एका रविवारी पहाटे त्यांनी दोन्ही गाड्या जुन्या कात्रज घाटाच्या पायथ्याशी आणून उभ्या केल्या. आधी मी फियाट घेतली, शेजारी भाचा, मागे मिस्त्री आणि त्यांचा पोरगा. कितीतरी वर्षांनी बसूनही हात आपोआप दांड्यावरच्या गिअरवर गेला. फियाटचे इंजिन फिरायला उत्सुक असते, हे मी विसरले होते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५, म्हणजे चाल आखूड, त्यामुळे ते चटकन वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांना, जाते आणि तिचे चाळीस घोडे ४८०० आरपीएमला मिळतात. चढावर ती दुसऱ्या गिअरमध्ये मोठ्याने गात होती आणि तिच्याकडून काम करून घ्यायचे तर तिला असे गाऊच द्यावे लागते. वळणावर नाक लगेच आत जायचे. स्टिअरिंगला मधोमध थोडा मोकळेपणा होता, तरी चाक दोन बोटांनी फिरत होते. भाचा काही बोलला नाही, पण तिसऱ्या वळणानंतर त्याने तिकोनी काच उघडली.

मग अँबेसिडर, तीच माणसे, तोच चढ. हिच्या पिस्टनची धाव जवळजवळ ८९ मिलिमीटर, व्यास ७३, म्हणजे लांब ढांगा टाकणारे इंजिन. तिचे पन्नास घोडे ४२०० आरपीएमला मिळतात, पण तिथपर्यंत जायची तिला गरजच पडत नाही. टॉर्क म्हणजे ओढ, ती हिला २४०० आरपीएमलाच पुरती मिळते, सुमारे पावणेअकरा किलोग्रॅम-मीटर, आणि फियाटची सुमारे सव्वासात, तीही तीन हजारांच्या आसपास. मी पायथ्याशी तिसरा गिअर टाकला आणि तो अर्ध्या घाटापर्यंत बदलावा लागला नाही. फियाट जिथे गात होती तिथे ही नुसती हुंकार देत होती. रॅक-पिनियनचे स्टिअरिंग थांबल्या जागी जड, पण चालती झाली की चाक जिथे न्याल तिथेच गाडी. वळणात मात्र अंग एका बाजूला कलायचे आणि मागे बसलेल्या मिस्त्रींच्या पोराला दाराची मूठ धरावी लागायची. वरती आल्यावर मी गाडी थांबवली आणि बराच वेळ स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. इतक्या वर्षांत मी अँबेसिडर पहिल्यांदा चालवत होते. तात्यांनी ती कोणालाच चालवायला दिली नव्हती, आणि मीही कधी मागितली नव्हती. गाडी चांगली होती, आणि हे कुणीतरी मला आधीच सांगायला हवे होते असे वाटले. मग लक्षात आले, की साताऱ्याची मुले तेच तर सांगत आली होती.

कात्रजहून परतताना मी भाच्याला एवढे म्हटले, की एकट्याने कुठे घाईने जायचे असेल तर फियाट आणि घर घेऊन जायचे असेल तर अँबेसिडर. तो म्हणाला, "पण मग घाटात तुमच्याच गाडीत घर का भरले होते?" मला त्याचे उत्तर ठाऊक होते असे मला वाटत होते.

मार्गशीर्षात कराडला आईकडे गेले तेव्हा माळ्यावरची ट्रंक काढली. आप्पांच्या गाडीची वही त्यात असणार, याची मला खात्री होती, कारण आप्पा कुठलीही वही टाकून देत नसत. लांबट, लाल कापडी पाठीची, रुग्णांच्या हिशेबाला वापरत तसलीच. प्रत्येक पानावर तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल, काढलेले ॲव्हरेज आणि शेवटी शेरा. सबंध वहीत ॲव्हरेज अकरा ते तेराच्या मध्ये. एके ठिकाणी पेन्सिलीने लिहिले होते, "दादाच्या गाडीचे साडेआठ." तात्यांना ते दादा म्हणत. आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती आणि मी पाने उलटत १९८० वर आले. सप्टेंबरच्या पानावर आप्पांच्या तिरप्या अक्षरात ओळी होत्या आणि त्या मी आईला मोठ्याने वाचून दाखवायला लागले आणि मध्येच थांबले. "पोफळी येथे तांदळाची दोन्ही पोती व नारळ दादाच्या गाडीत टाकले. आजीचे पाय त्यामुळे अवघडले. घाटात दोनदा पाणी उकळले." त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद. "फॅन बेल्ट सैल होता, बदलला. आपली चूक. निघण्यापूर्वी पाहायला हवा होता. दादाला कळवले."

आईने सुपातून मान वर केली नाही. "तू झोपली होतीस पोफळीला," ती म्हणाली. "तात्यांनीच हाताने उचलून नेली पोती. तुझा पाय खाली आला तर तू किरकिरलीस."

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले. म्हणजे घाट चढताना पोते माझ्या पायाखाली नव्हते. गुहागरपासून पोफळीपर्यंतचा प्रवास माझ्या आठवणीने घाटावर नेऊन ठेवला होता आणि त्यावर मी भागाकार केला होता. आमची गाडी हलकी होती, त्यांची जड होती आणि तरीही त्यांची चढली, आमची उकळली, कारण पंख्याला आणि पाण्याच्या पंपाला फिरवणारा रबराचा एक पट्टा सैल पडला होता. चाळीस नाही, पन्नास नाही, १०८९ नाही. तात्यांना तर दुसऱ्याच दिवशी सगळे कळले होते. पोती आपल्या गाडीत होती, हे त्यांना माहीत होते. बेल्ट धाकट्या भावाने पाहिला नव्हता, हेही माहीत होते. साताऱ्याची मुले दर दिवाळीला तो घाट उगाळत असताना ते पलंगावर बसलेले असत, तपकिरीची डबी बोटांत फिरवत, आणि या दोन्हींतले एकही वाक्य त्यांच्या तोंडून कधी आले नाही. आप्पाही शेजारी असत आणि तेही काही बोलत नसत. त्या दोघांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लहानपणी लावला होता तो किती चुकीचा होता, या विचाराने मला त्या माळ्याखाली बसून रडू आले, आणि आईने सूप बाजूला ठेवले.

त्या नोंदीचे छायाचित्र मी भाच्याला पाठवले नाही. मी त्याला पुन्हा त्या गॅरेजमध्ये बोलावले. मिस्त्रींनी फियाटचे बॉनेट उघडून दिले. इंजिन थंड होते, त्यावर ऑइलचा आणि धुळीचा पातळ काळा थर, आणि समोरच पंख्यापासून डायनामोपर्यंत ताणलेला बेल्ट. वही मी पिशवीतून काढून मडगार्डवर उघडी ठेवली आणि ते पान त्याला वाचू दिले. त्याने ते सावकाश वाचले, मोडी वळणाची दोन अक्षरे मला विचारून घेतली आणि "आपली चूक" या शब्दांवर त्याचे बोट थांबलेले मी पाहिले.

"कसा बघतात?" त्याने विचारले.

मी त्याचा अंगठा धरला आणि डायनामो आणि पंखा यांच्या मधोमध, बेल्टच्या सरळ भागावर ठेवला. दाब म्हटले. अर्धा इंच दबला पाहिजे, त्याहून जास्त नाही. त्याने दाबले आणि बेल्ट इंचभर खाली गेला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी काही न बोलता पाना आणून त्याच्या हातात दिला, डायनामोचा बोल्ट दाखवला आणि डायनामो बाहेरच्या बाजूला ओढून धरायला मला सांगितले. मी दोन्ही हातांनी ओढून धरला. भाचा पान्यावर वाकला होता आणि बोल्ट एकेक आटा पकडत आवळत होता.